रबर जळाल्यासारखं

गाडीतळाच्या सिग्नलला गाडी उभी असताना रंगनाथच्या नाकात रबर जळाल्याचा वास शिरला. त्याने आधी आजूबाजूच्या गाड्यांकडे पाहिलं, कारण वास दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीचा असणार हे त्याच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं. पुढे कोबीच्या पोत्यांनी लादलेला टेम्पो होता, डावीकडे पीएमपीची बस थरथरत उभी होती, उजवीकडे एका मोटारसायकलवर तिघं बसले होते. टेम्पोचंच चाक घासत असणार, असं म्हणून त्याने काच वर केली. काच पूर्ण बंद झाली आणि वास कमी व्हायच्या ऐवजी दाट झाला. म्हणजे तो बाहेरून येत नव्हता. शेजारी बायको, द्वारका, मांडीवर पर्स घेऊन बसली होती. तुला वास येतोय का, असं त्याने विचारलं, तर ती लगेच नाही म्हणाली. कसला वास, हेसुद्धा तिने विचारलं नाही. सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, गाडी पुढे निघाली, पण रंगनाथचं मन मागे सिग्नललाच उभं राहिलं. वासाबद्दल विचारलं की माणूस आधी हवा ओढून बघतो. द्वारकाने ओढली नव्हती. ती खाली बघत होती, कुठेतरी त्याच्या गुडघ्यांच्या बाजूला, आणि त्याने मान वळवताच तिने पर्सची चेन उघडून उगाच आत हात घातला.

हडपसरच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात त्याची सगळी नोकरी इन्स्पेक्शन खात्यात गेली होती. यवतमाळकडच्या दारव्ह्याहून तो पोरसवदा वयात इथे आला, ससाणेनगरात भाड्याच्या खोलीत राहिला, मग तिथेच फ्लॅट घेतला आणि निवृत्तीच्या वेळी ही पांढरी गाडी. बाहेरून आलेला माल पास करायचा की परत पाठवायचा हे तो ठरवत असे. माल आणणारा बोलत असताना त्याच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघायचं, ही खोड तेव्हाची. ज्या पेटीवर तो माणूस सहज हात ठेवून उभा राही, नेमकी ती पेटी रंगनाथ उघडायला लावी, आणि बहुतेक वेळा कास्टिंगला बारीक तडा सापडे. त्याच्या खात्यातले लोक त्याला घाबरत आणि पाठीमागे हसतही. त्याला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हीचं बरं वाटे. आता निवृत्त झाल्यावर तपासायला उरलं होतं ते घरातलं: दुधात पाणी, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची सफाई, लिफ्टच्या दुरुस्तीवाल्याने खरंच दोर बदलला का. आणि या सगळ्यात गाडी ही एकच गोष्ट होती जिच्याबद्दल त्याला कधी शंका आली नव्हती. म्हणून तो वास त्याला नुसता वास वाटेना. रबर जळाल्याचा वास खरं तर त्याच्या आवडीचा. दारव्ह्याला बसस्टँडसमोर एक सायकलवाला ट्यूबवर ठिगळ ठेवून ते तापवत असे. वडिलांची सायकल तिथे उलटी केलेली असायची, चाक हवेत फिरत असायचं, आणि त्या गरम, गोडसर, घशात बसणाऱ्या वासाचा अर्थ एवढाच की आता सायकल नीट होणार आणि वडील त्याला पुढच्या दांडीवर बसवून घरी नेणार. तोच वास आता येत होता आणि त्याला गाडी थांबवून उतरावंसं वाटत होतं.

गाडीला हात लावणारे तिघंच. तो स्वतः, द्वारका, आणि पुतण्या शुभंकर. शुभंकर मगरपट्ट्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, मित्रांसोबत खोली घेऊन राहायचा, आणि सुट्टीच्या दिवशी कधीमधी गाडी मागून न्यायचा. रंगनाथने पहिला संशय त्याच्यावर घेतला, कारण ते सोयीचं होतं. शुभंकर गाडी परत आणून देताना नेहमी फार गोड बोलायचा आणि सीट पुन्हा मागेपुढे करून ठेवायचा नाही. त्याने त्याला फोन करून विचारलं की गाडी कुठल्या घाटात वगैरे नेली होतीस का. शुभंकरने हसून सांगितलं की काका, मी तर दिवाळीपासून गाडी नेलीच नाही, काकूच म्हणाल्या की काकांना लागते, राहू दे. हे रंगनाथला नवीन होतं. द्वारकाने पोराला परस्पर नाही म्हटलं होतं आणि त्याला सांगितलं नव्हतं. त्याने ते मनात ठेवून दिलं. तिला विचारलं नाही, कारण विचारलं की माणूस सावध होतो.

लोणी काळभोरच्या अलीकडे रस्त्यालगत रणजितचं गॅरेज होतं. रणजितच्या घरची तिथेच शेती. रस्ता रुंद झाला तेव्हा पुढच्या तुकड्यावर त्याने पत्र्याची शेड टाकली आणि स्वतः हात काळे करायला लागला. बोलायला मोठा, कामाला बरा. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं, वाकून हुंगलं आणि फॅनबेल्ट म्हणाला. पट्टा जुना झालाय, सुटतोय, घासतोय, वास त्याचाच हाय. त्याने तो काढून रंगनाथच्या हातात दिला. रंगनाथने पट्टा उन्हात धरून उलटासुलटा केला, नखाने खरवडला, नाकाशी धरला. भेगा होत्या, पण बारीक, आणि जळाल्याची चकाकी कुठेच नव्हती. कारखान्यात असता तर त्याने हा पट्टा पास केला असता. तरी त्याने नवीन बसवू दिला. परत येताना गाडी स्वच्छ हवा सोडत आली. काच खाली करून तो मुद्दाम मांजरीच्या रस्त्याने लांबून आला. दोन-चार दिवस काही नाही. मग एका सकाळी भाजी घेऊन येताना फ्लायओव्हरच्या चढावर गाड्या तुंबल्या, तो चढावर गाडी धरून उभा राहिला, आणि वास पुन्हा आला. या वेळी त्याच्यात कागद जळाल्यासारखं काहीतरी मिसळलेलं होतं. रंगनाथला रणजितचा राग आला, आणि रागाच्या खाली एक समाधानही होतं, की आपल्याला तेव्हाच कळलं होतं.

दुसऱ्या खेपेला रणजितने गाडी उचलून खाली बॅटरी मारली आणि सायलेन्सरला चिकटून वितळलेली प्लॅस्टिकची पिशवी काढून दाखवली. काका, बघा, हिचाच वास. तो विजयी स्वरात बोलला, पण रंगनाथला त्याचे हात दिसत होते; पिशवी खरवडता खरवडता त्याने एकदा गिअरबॉक्सच्या बाजूला बॅटरी नेली, थांबला, आणि पुन्हा पिशवीकडे वळवली. मग चाकांना हात लावून बघितलं, कुठलं गरम आहे का. काही नव्हतं. रंगनाथने विचारलं, तिकडे काय बघितलंस, तर काही नाही म्हणाला. सिग्नलवरच्या द्वारकाच्या नाहीनंतर हे दुसरं नाही. घरी येताना रंगनाथ विचार करत होता की रस्त्यावरची पिशवी सायलेन्सरला कुठे चिकटते. तो स्वतः कचऱ्यावरून गाडी नेत नाही. मग द्वारका. दोन वर्षांपूर्वी मुलगी नम्रता बंगळूरहून येऊन आईला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घालून गेली होती. तेव्हा रंगनाथ हसला होता, पण द्वारका शिकली. घाबरत घाबरत, स्टेअरिंगला छाती टेकवून, पण शिकली. आणि आता दुपारी कधी मैत्रिणींच्या भिशीला, कधी रामटेकडीला बहिणीकडे स्वतः जायची. शिकाऊ माणूस क्लच जाळतो हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही त्याला ते आधी का सुचलं नाही याचं त्याला आश्चर्य वाटलं, आणि मग लक्षात आलं की सुचलं होतं. पण तिचं नाव घेतलं की पुढे बरंच काही उघडावं लागेल असं वाटून त्याने तो पेटारा बाजूला सरकवला होता. तो पेटारा शुभंकरनेच उघडला. रविवारी जेवायला आला असताना ताटावर बसून सहज म्हणाला, काकू, तुम्हाला परवा सदाशिव पेठेत पाहिलं, गाडी लावायला जागा शोधत होतात, मी हाक मारली पण तुम्ही ऐकलं नाही. द्वारका पोळी वाढत होती. तिने त्याच्या ताटात पोळी टाकली, दुसरी टाकली, तो नको नको म्हणत असताना तिसरी टाकली. रंगनाथला आठवत होतं, परवा ती भिशीला गेली होती. भिशी मगरपट्ट्यात असते.

त्यानंतर रंगनाथच्या डोक्यात तो वास गाडीतून उतरून घरात आला. द्वारका फोनवर बोलताना बाल्कनीत जाऊन दार ओढून घेत होती. ती नम्रताशी बोलत होती हे काचेतून तिच्या ओठांवरून कळत होतं, पण नम्रताशी बोलायला दार कशाला ओढायचं? आणि तो जवळ गेला की दोघी पावसापाण्याचं बोलायला लागत. त्याला वाटायला लागलं की या दोघी मिळून काहीतरी जुळवतायत. फ्लॅट विकून बंगळूरला चला असं नम्रता मागे एकदा म्हणाली होती आणि त्याने ते उडवून लावलं होतं. सदाशिव पेठेत वकील बसतात. डॉक्टरही बसतात, क्लासवालेही बसतात, पण त्याच्या मनाला वकीलच दिसला. आणखी काही गोष्टी त्याच सुमारास घडल्या, आणि त्या त्याने त्याच पेटीत टाकल्या. त्याची डावी चप्पल पुढून झिजली. उजवी जशीच्या तशी आणि डावीचं बोटांकडचं टोक घासून कातडं फाटलेलं. नात्यातल्या एका लग्नाला कार्यालयात गेले होते, तिथे कोणीतरी चप्पल बदलली असणार असं त्याने ठरवलं आणि एक अख्खा दिवस त्या अनोळखी माणसावर चिडून राहिला. मग एकदा सकाळी दोघं कॅनॉलच्या कडेने फिरायला गेले असताना तो पुढे होता आणि द्वारका मागे रेंगाळली. त्याने वळून पाहिलं तर ती मोबाइल समोर धरून उभी होती. काय करतेस, म्हणून विचारलं, तर म्हणाली कांचनाला फुलं आलीत, त्याचा फोटो काढते. कांचन तिथे होता, फुलंही होती. पण मोबाइल झाडाच्या उंचीवर नव्हता. तो कमरेच्या खाली होता. तिने त्याचा फोटो काढला होता, पाठमोरा, चालताना. आपल्या पाठीचं कोणाला काय करायचं आहे? त्या दिवशी तो उरलेल्या वाटेवर तिच्या मागे राहून चालला आणि तिच्या पाठीकडे बघत राहिला. तिची वेणी पातळ झाली होती. इतक्या वर्षांत आपण हिला मागून कधी नीट पाहिलंच नाही, असं त्याला वाटलं, आणि संशयातून असा कनवाळू विचार कसा निघाला हे त्याला कळेना, म्हणून त्याने तो झटकला.

तिसऱ्या वेळी वास इतका आला की हडपसरच्या बाजारात एका माणसाने काचेवर टकटक करून सांगितलं, तुमच्या गाडीतून धूर येतोय. इंजिन जोरात ओरडत होतं आणि गाडी ओढत नव्हती. रंगनाथने ती कशीबशी गॅरेजपर्यंत नेली. रणजितने आता पट्टा, पिशवी काही न काढता सरळ गिअरबॉक्स उतरवला. संध्याकाळी रंगनाथ पुन्हा गेला तेव्हा क्लचप्लेट एका पोत्यावर ठेवलेली होती, काळीनिळी, आरशासारखी गुळगुळीत झालेली, आणि वास तिच्यातूनच येत होता. रबर नाहीच काका, रणजित म्हणाला, ही जळती तवा असाच वास मारती. मग जरा थांबून त्याने विचारलं, "गाडी कोण चालवतंय जास्त?" रंगनाथने विचारलं, का. "पाय ठेवून चालवलीय क्लचवर. सारखा पाय हाय. नुसत्या चढानं असं होत नाय." रंगनाथच्या तोंडात उत्तर तयार होतं. बायको शिकाऊ आहे, असं तो म्हणाला. रणजित काहीतरी बोलणार होता, पण त्याने फडक्याने पान्हा पुसला आणि बरं म्हणाला. त्या रात्री जेवताना रंगनाथने निकाल दिला. प्लेट तुझ्या पायाने गेली, तू आता गाडीला हात लावू नकोस. त्याला वाटलं होतं ती भांडेल. ती दारव्ह्याशेजारच्या गावची होती, चिडली की तिची जुनी बोली वर येई आणि मग तिच्यापुढे कोणाचं चालत नसे. ती भांडली नाही. ठीक आहे म्हणाली, आणि चावी त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवली. निरपराध माणूस इतक्या सहज शिक्षा कबूल करत नाही, असं रंगनाथला वाटलं. मग तो बराच वेळ जागा होता, कारण दुसऱ्या कोणाची तरी शिक्षा स्वतःवर घेणारा माणूसही असाच वागतो.

नवीन प्लेट बसली. पाय ठेवताच क्लच हलका लागला, गाडी पाण्यासारखी चालली. द्वारकाने खरंच गाडीला हात लावला नाही. ती भिशीला रिक्षाने गेली. शुभंकरला त्याने स्वतःच नाही सांगितलं. चावी त्याच्या खिशात असे, झोपताना उशाशी. महिना-दीड महिना असाच गेला आणि रंगनाथला वाटायला लागलं की आता जगातल्या गोष्टी पुन्हा जागेवर आल्या आहेत. मग एके दुपारी, साडेसतरा नळीच्या वळणावर गर्दीत अडकलेला असताना, एकटाच असताना, तो वास आला. आधी अगदी बारीक, कोणीतरी लांबून हाक मारावी तसा. त्याने एसी बंद केला. वास राहिला. त्याने गाडी बाजूला घेतली, उतरला, वाकून खाली पाहिलं. पिशवी नव्हती.  गाडीला तिघं हात लावायचे, त्यातले दोघं गेले. हा हिशेब तिसरीतल्या पोरालाही सुटला असता, पण रंगनाथचं मन तिथे पोचून शेवटचा आकडा काही मांडेना. ते वळलं आणि रणजितकडे धावलं. त्याने जुनीच प्लेट घासून बसवली. नाहीतर हलकी, बिनकंपनीची बसवली. पट्ट्याच्या वेळी फसवलं होतं, पिशवीच्या वेळी फसवलं होतं, आताही फसवलं.

गॅरेजात तो आवाज न चढवता बोलला, कारखान्यात बोलायचा तसा, थंड, आपण म्हणून. आपण जी प्लेट बसवलीत ती मला उघडून दाखवा. रणजित दुसऱ्या गाडीखाली होता, तो सरकत बाहेर आला आणि चिडला. पट्ट्याचं माझं चुकलं, तो म्हणाला, तवा मला समजलं नव्हतं, उगा बदलला. पर प्लेट नवीन हाय, खोकं बी हितंच पडलंय. मग रंगनाथ ऐकतच नाही असं पाहून त्याच्या तोंडून निघून गेलं की काकूंना विचारा, त्यांनी फोन केला होता मला. कधी? प्लेट उतरवली त्याच्या आदल्या दिवशी. काय म्हणाली? रणजितने मान खाली घातली आणि तुम्ही त्यांनाच विचारा एवढंच पुन्हा म्हणाला. रंगनाथ गाडीत बसला. लोणीपासून ससाणेनगरपर्यंतचा रस्ता त्याला नंतर कधीच आठवला नाही. वकील, नम्रता, बाल्कनीचं दार, कांचनाचा फोटो आणि आता गॅरेजवाला. त्याच्या भोवती सगळ्यांनी मिळून एक कडं केलं होतं आणि मधोमध तो वास होता.

द्वारका मटार सोलत बसली होती. त्याने चपला काढल्या नाहीत. रणजितला फोन काहून केला होतास, असं त्याने विचारलं, आणि स्वतःच्या तोंडून काहून निघालेलं ऐकून तो दचकला. तो शब्द त्याने पुण्यात येऊन कधीचा टाकून दिला होता. द्वारकाने मटारांचं ताट बाजूला ठेवलं.

"क्लचवर तुमचा पाय असते," ती म्हणाली. "तुमाले समजत नाही."

तो हसला. त्याला खरंच हसू आलं. इतकी वर्षं गाडी चालवणारा माणूस तो, आधी कंपनीची जीप, मग मित्रांच्या गाड्या, मग ही; आणि ही दोन वर्षांपूर्वी शिकलेली बाई. त्याने तिला सदाशिव पेठेबद्दल विचारलं, वकिलाबद्दल विचारलं. वकील ऐकून ती गोंधळली. मग ती उठली, पदराला हात पुसले आणि खाली चला म्हणाली. त्याने कशाला म्हणून विचारलं तरी ती जिना उतरायला लागली होती.

पार्किंगमध्ये दुपारची सावली होती. वॉचमन खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. द्वारकाने रंगनाथला ड्रायव्हरच्या सीटवर बसायला लावलं, दार उघडंच ठेवलं, आणि स्वतः दाराशी फरशीवर उकिडवी बसली, तिच्या गुडघ्यांचा कट असा आवाज झाला. इंजिन बंद होतं. समोरच्या भिंतीवर कोणीतरी पार्किंगचा नंबर खडूने लिहिला होता, रंगनाथ त्याच्याकडे बघत राहिला.

"दाबा," ती म्हणाली. त्याने क्लच दाबला.

"सोडा."

त्याने सोडला. पाय बाजूला, जमिनीवर आला. त्याला तो आलेला कळला.

"सोडला," तो म्हणाला.

"नाही सोडला."

"सोडला, द्वारका."

"खाली पाहा."

त्याने पाहिलं. टाच जमिनीवर होती. पण चवडा पॅडलवर पडून होता, झोपलेल्या माणसाचा हात दुसऱ्याच्या अंगावर पडतो तसा, आणि त्याच्या वजनाने पॅडल थोडंसं आत गेलेलं होतं. रंगनाथने पायाला वर हो म्हटलं. आतून त्याला सांगण्यात आलं की झाला वर. पाय हलला नाही. त्याने पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच उत्तर आलं, त्याच खात्रीने, त्याच आवाजात, ज्या आवाजावर तो जन्मभर विसंबून होता. दारव्ह्याहून निघताना, माल परत पाठवताना, लोकांच्या तोंडावर खोटं पकडताना. द्वारकाने हात पुढे केला आणि त्याच्या चवड्यावर ठेवला. तिची बोटं त्याच्या बोटांवर दाबलेली त्याला दिसत होती. टाचेजवळ तिचा अंगठा लागत होता, तो गरम होता. पण बोटांवर काही नव्हतं. दिसत होतं आणि लागत नव्हतं. त्याला वाटलं, खाली दुसरं कोणीतरी बसलंय आणि ती त्याच्या पायाला हात लावतेय.

 वॉचमनने एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये घातली. मग द्वारका हळूहळू सांगायला लागली. गाडीत शेजारी बसून तिने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं सवय असेल. मग घरात आधी पाहिलेलं, ऐकलेलं त्याच्याशी जुळायला लागलं. सदाशिव पेठेत नसांच्या एका डॉक्टरांकडे ती गेली होती. ते म्हणाले, माणसाला घेऊन या, नाहीतर निदान चालतानाचं काही दाखवा. म्हणून तिने मोबाइलवर घेतलं. ते पाहून डॉक्टर म्हणाले, पाठीच्या मणक्यात शीर दबत असेल, उशीर करू नका. त्यानंतर तिने रणजितला फोन करून एवढंच सांगितलं होतं की गाडी पुन्हा आली की क्लच उघडून बघ, प्लेट खराब निघाली तर माझं नाव सांगितलं तरी चालेल, पण गाडी नीट करून दे, चढावर बंद पडली तर मागच्याच्या अंगावर जाईल. रंगनाथने विचारलं, मला का नाही सांगितलंस. त्याचा आवाज त्याला अनोळखी वाटला. तिने पायावरचा हात काढला नव्हता.

"तुमाले सांगितलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं, दाखव," ती म्हणाली. "मग मी दाखवाले जमवत होते."

त्याला आठवलं, ती काही अशी बाई नव्हती. साध्या गोष्टी साध्या सांगून टाकणारी होती. त्याच्या शेजारी राहून राहून ती दार ओढून बोलायला शिकली, मागे रेंगाळून फोटो काढायला शिकली, शंका मनात धरून पुरावा गोळा करायला शिकली. आणि हे सगळं तिने त्याच्या विरुद्ध नाही, त्याच्यासाठी केलं होतं. हा विचार त्याला पायापेक्षा जास्त लागला. त्याने चावी काढून तिच्याकडे दिली. उतरताना त्याने दाराची चौकट धरली, मग आरशाला हात लावला, मग बॉनेटला, आणि गाडीच्या पुढून वळसा घालून तो डाव्या बाजूच्या सीटवर येऊन बसला. त्या सीटवरून रस्ता वेगळाच दिसतो हे त्याला माहीत नव्हतं.

सदाशिव पेठेत द्वारकाने गाडी चौथ्या प्रयत्नात एका बोळाच्या तोंडाशी लावली. पाठीमागून एक आजोबा स्कूटर थांबवून म्हणाले, बाई, गाडी लावताय की रस्ता मोजताय. तिने लक्ष दिलं नाही. दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. जिना चढताना ती मागे राहिली आणि या वेळी त्याने वळून पाहिलं नाही. डॉक्टर तरुण होते, बोलायला कोरडे. त्यांनी त्याला टेबलावर झोपवून पायाला ठिकठिकाणी टोचलं, हातोडी मारली, बोटं वर ओढायला सांगितलं, टाचेवर चालायला सांगितलं. डाव्या टाचेवर त्याला उभंच राहता आलं नाही. फोटो काढावा लागेल, मणक्याचा, बहुधा ऑपरेशन लागेल, असं ते म्हणाले. पाय पूर्वीसारखा होईल का, असं रंगनाथने विचारलं. काही परत येईल, सगळं येईल असं मी सांगणार नाही, फार दिवस अंगावर काढलंत, असं म्हणून त्यांनी लिहायला पेन घेतलं. गाडी मात्र आता चालवू नका, ते म्हणाले, आणि कागदाकडे बघतच विचारलं, "हे सुरू कधी झालं?"

रंगनाथने तोंड उघडलं. त्याच्याकडे उत्तर होतं. उन्हाळ्यानंतर, असं तो सांगणार होता. फार तर चप्पल झिजली तेव्हापासून. उत्तर पक्कं होतं, त्यात कुठेही फट नव्हती. आणि त्याला जाणवलं की त्यातलं एकही अक्षर त्याने पाहिलेलं नाही, ते त्याला फक्त आतून कळवण्यात आलं आहे. त्याने तोंड मिटलं. डॉक्टरांनी मान वर केली.

"हिला विचारा," रंगनाथ म्हणाला.

द्वारकाने आधी त्याच्याकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेला पाय लोंबकळत सोडून बसला होता, एका पायात चप्पल, एक उघडा. मग ती खुर्चीत जरा पुढे सरकली आणि सांगायला लागली. मागच्या वर्षीच्या आधीच्या वर्षी आम्ही नम्रताकडे बंगळूरला गेलो होतो, तिच्याकडे लाकडी फरशी आहे. सकाळी हे पाणी प्यायला उठायचे आणि मी आतून ऐकायची. आधी दोन्ही पावलं सारखी वाजायची. मग एका सकाळी एक पाऊल वाजलं आणि एक नुसतं पडलं. मला वाटलं झोपेत असतील. दुसऱ्या दिवशी मी जागी राहून ऐकलं. डॉक्टर लिहीत होते. ती सांगत राहिली. इथे परत आल्यावर काय झालं, उंबऱ्याला बोटं कधी अडायला लागली, जिना उतरताना ते कठड्याच्या बाजूने कधीपासून चालायला लागले. तिला सगळं माहीत होतं, क्रमाने, आणि रंगनाथ मान खाली घालून, कोणी आपली जुनी हकीकत आपल्याला पहिल्यांदा सांगावी तसा, ऐकत होता, आणि कुठेही तिला थांबवत नव्हता.